बाबांच्या खुर्चीचं माप

तीर्थरूप आई-बाबांस,
शि. सा. न.

कोपनहेगनमधला आजचा शेवटचा मुक्काम. उद्या दुपारी विमान आहे, बॅगा भरून झाल्या म्हणून निवांत लिहायला बसले. आई फोनवर रोज विचारायची, "काय काय घेतलंस?" घेतलं थोडंच. बघितलं मात्र पुष्कळ, आणि बरंचसं तुम्हा दोघांना डोळ्यांपुढे ठेवून.

आई, आधी तुझी वस्तू. इथल्या स्ट्रॉयेट या पायी फिरायच्या रस्त्यावर इल्लुम्स बोलिहुस नावाचं घरसामानाचं मोठं दुकान आहे. तिथे तुझ्यासाठी स्टेल्टनचा एक लिटरचा थर्मास घेतला. एरिक मॅग्नुसेनने तो १९७७ साली घडवला. त्याचं झाकण फिरवावं लागत नाही. थर्मास कलता केला की आतलं बूच आपोआप उघडतं, सरळ केला की मिटतं. रोज सकाळी झाकण उघडायला तू बाबांना हाक मारतेस आणि मग अंगठा चोळत बसतेस, ते मला पाठ आहे. प्रवासासाठी सोबत फिरकीचं झाकणही दिलंय, ते मी माझ्याकडेच ठेवणार आहे.

रॉयल कोपनहेगनची एक जुनी कपबशीही मिळाली, वापरलेल्या वस्तूंच्या दुकानात. ही कंपनी १७७५ पासूनची. पांढऱ्यावर निळी नक्षी, हाताने रंगवलेली. जवळून पाहिलं तर ब्रशचा दाब कुठे वाढला, कुठे उचलला गेला ते कळतं, तुझ्या चिमटीतून रांगोळीची रेघ सुटते ना, अगदी तसं. बशीच्या पाठीवर तीन लाटा काढल्यात, त्या म्हणजे डेन्मार्कच्या तीन सामुद्रधुन्या. लाटांवर आडवा ओरखडा आहे, म्हणजे हा दुय्यम प्रतीचा माल. मला तर कुठे खोट सापडली नाही.

बाबा, तुमच्यासाठी बॅगेत काही नाही, पण सगळ्यात जास्त वेळ तुमच्यावरच गेला. इथल्या डिझाइन म्युझियममध्ये नुसत्या खुर्च्यांचा एक बोगदा आहे. दोन्ही बाजूंना कोनाडे, प्रत्येकात उजेडात ठेवलेली एकेक खुर्ची. कोरे क्लिंट नावाच्या माणसाने १९२४ पासून इथल्या कला अकादमीत फर्निचर शिकवलं. आधी माणसाचं माप घ्यायचं, मग लाकडाला हात लावायचा, ही त्याची रीत. कपाट करायचं तर आत ठेवायच्या ताटवाट्या आणि शर्टसुद्धा मोजून घ्यायचे.

मग दुकानात हान्स वेग्नरच्या खुर्चीवर बसून पाहिलं. वेग्नर चांभाराचा मुलगा, सुतारकाम शिकून पुढे आलेला. ही त्याची खुर्ची १९५० पासून बनतेय. पाठ आणि हात मिळून एकच लाकूड, वाफेवर वाकवलेलं. बैठक सुमारे १२० मीटर कागदी दोरीची, हाताने विणलेली. वाकून खालून पाहिलं, तर तिथेही वीण तितकीच नेटकी. पर्समध्ये टेप होता, उंची मोजली: ४५ सेंटिमीटर.

परवा रात्री आईला तुमच्या वेताच्या खुर्चीचं माप घ्यायला लावलं ते यासाठीच. ती भरली ३९, आणि तुटलेल्या वेतावरची उशी दबली की आणखी कमी. उठताना गुडघे धरून तुम्ही म्हणता, "आता वय झालं." बाबा, एवढ्या खोल बैठकीवरून उठताना मलाही हातांचा जोर लावावा लागतो.

वेग्नरची खुर्ची आपल्याला परवडण्यातली नाही, आणि तुम्हाला ती लागतही नाही. तुमची सागवानी आहे, सांधे अजून घट्ट आहेत. दिवाळीला आले की वेत नवा विणून घेऊ. पुण्यात अंध कारागीर हे काम फार सुबक करतात, पोचवायची जबाबदारी माझी. पायांना खालून सागाचेच तुकडे जोडून घेऊ. तोवर ती भंगारवाल्याला देऊ नका आणि प्लास्टिकची खुर्ची आणू नका, एवढं माझं ऐका.

आई, एक काम कर. मागचे पाय जास्त झिजलेत असं मला वाटतं. चारही पायांची मापं वेगवेगळी घेऊन कागदावर लिहून ठेव.

तुमची,
मनू