कुठली भाषा धरू, सुमे?

पुणे, रविवार

प्रिय सुमे,

आईचा गुडघा तसाच, मी बरी. मुद्द्यावर येते, कारण हे तुझ्याशिवाय कुणाला कळायचं नाही.

मत्स्यसंवर्धनाचं पुढचं शिक्षण स्कँडिनेव्हियात घ्यायचं हे ठरलंय. मास्टर्स इंग्रजीतून होतं. पण मला प्रयोगशाळेत बसायचं नाही, समुद्रात सामन मासे पाळतात त्या पिंजऱ्यांवर काम करायचंय, आणि बार्जवरच्या माणसांशी इंग्रजीत किती दिवस बोलणार? म्हणून निघायच्या आधीच एक भाषा धरायचीय. घरात त्यावर रोज पंचायत. दादा म्हणतो स्वीडिश घे, बोलणारे कोटीच्या आसपास, फिनलंडमध्येही ती राजभाषा. त्याचं चुकत नाही. गोथेनबर्गला समुद्रशास्त्रही चांगलं आहे. डॅनिश मी ऐकून पाहिली. कागदावर सोपी वाटते, पण बोलताना निम्मी अक्षरं घशातच राहतात. त्यांचे आकडे मात्र मला आवडले, बावन्न म्हणताना आपल्यासारखेच दोन आधी, पन्नास मागून.

बाबीला सांग, 'नॉर्वे फुकट' हे आता जुनं झालं. डेन्मार्कने आपल्यासारख्यांना २००६पासून फी लावली, स्वीडनने २०११पासून, आणि २०२३पासून नॉर्वेनेही. पैशावरून निवडायचं राहिलं नाही.

तरी माझं मन नॉर्वेजियनवर बसलंय. शेतीच्या सामनमध्ये जगात पहिला नंबर त्यांचा, हे एक. १८१४पर्यंत तिथे डेन्मार्कचं राज्य होतं, त्यांची बुकमोल, म्हणजे जास्त चालणारी लेखी नॉर्वेजियन, डॅनिशमधूनच वाढली, म्हणून ती आली की डॅनिश वाचता येते आणि स्वीडिशही बरीच कळते. पण खरं कारण हे नाही.

परवा त्यांच्या संसदेतली चर्चा ऐकत होते. पुस्तकात 'मी'ला 'याय' लिहिलंय. पश्चिमेकडचा एक खासदार 'एग' म्हणाला, उत्तरेकडची एक बाई नुसतं 'ॲ'. कुणी हसलं नाही, कुणी दुरुस्त केलं नाही. त्यांच्याकडे बोलण्याची अशी एकच प्रमाण भाषा नाहीच, जो तो आपल्या गावचं घेऊन उभा राहतो. सुमे, मी तिथेच थांबवलं आणि तुझी आठवण काढली. वर्गात मी 'बांगडो' म्हटलं तेव्हा सर हसले, सगळा वर्ग हसला, आणि तू उठून विचारलंस, "सर, बांगड्याक तरी चलता मां?" तुला तासाबाहेर काढलं. मी त्या वर्षी पुन्हा तोंड उघडलं नाही.

आणि तिथे १८७८ सालीच संसदेने ठरवलं की मुलांना शक्य तितकं त्यांच्या स्वतःच्या बोलीत शिकवावं! त्याआधी ईवार ओसेन नावाच्या शेतकऱ्याच्या पोराने गावोगाव फिरून बोली गोळा केल्या, १८४८ला व्याकरण, १८५०ला कोश. त्यातूनच त्यांची दुसरी लेखी भाषा झाली, नीनोर्स्क. १८८५ला तिला सरकारी मान मिळाला.

तू म्हणशील, पोट प्रमाण भाषेवरच भरतं. ठाण्याला गेल्यावर तू हेच म्हणालीस, आणि आपण अख्खा गणपती बोललो नाही. मला ते अजून पटलेलं नाही. तुझ्या पोराला आजीशी बोलता यायला हवं होतं, गो.

पण आता तुझंच म्हणणं मला छळतंय. क्लासमध्ये शिकवतात बुकमोल. मी ती बोलेन, सगळ्यांना कळेल. पण बर्गनच्या आसपासच्या बेटांवर पिंजऱ्यावरचा माणूस स्वतःच्या बोलीत ओरडला, "दोर सोड," तर मला कळेल? की नीनोर्स्कच आधी घेऊ, तिकडच्या बोलण्याला ती जवळची आहे? तिचे शिक्षक मिळत नाहीत, पुस्तकंही कमी. दादाला हा प्रश्नच वाटत नाही, "भाषा शिकायला चाललीस की मासे?" म्हणतो. आपल्याकडे मुंबईहून आलेला साहेब होडीवर चढला की तांडेल त्याच्याशी कसं बोलतो आणि खलाशाशी कसं, ते तू पाहिलंयस. मला तिथे साहेब व्हायचं नाही.

तुझं पार्लर सुरू झालं का? सासूबाईंचं मोतीबिंदूचं झालं असेल. विज्याला म्हणावं, पैसे दे आता तरी.

शुक्रवारी क्लासची फी भरायचीय. त्याआधी फोन कर, रात्री नवानंतर. आणि दादाची बाजू घ्यायची नाही.

तुझी,
शमी