मे महिन्यात येऊन बघ

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, की तुम्हा दोघांचंही काम आता घरूनच चालतं, पुण्यातलं भाडं आणि पाळणाघराचा खर्च अंगावर येतोय, तर आम्ही सोलापुरातच राहायला येतो. ऐकून मला इतकं भरून आलं की पुढचं काही बोलताच आलं नाही. बाबांनी तर फोन ठेवल्या ठेवल्या वरच्या खोलीच्या खिडक्या उघडून पाहिल्या आणि रंगाऱ्याला निरोप धाडला. रात्री मात्र मला झोप लागेना. तुम्ही यावं असं मला मनापासून वाटतंय, आणि म्हणूनच काही गोष्टी तुला आधी सांगायला हव्यात. त्या मी तुझ्यापासून लपवल्या असं नाही, पण तुझ्यापर्यंत पोचूही दिल्या नाहीत.

तू पाचवीत असताना गॅदरिंगला तुझा नाच होता. हिरवं नऊवारी नेसवून, खोपा घालून मीच तुला तयार केलं होतं, आणि मीच आले नाही. आजीला बरं नाही असं तुला सांगितलं होतं. खरं कारण वेगळं होतं. पाच दिवस नळाला पाणी नव्हतं, दुसऱ्या दिवशी घरी आजोबांचं श्राद्ध होतं, बारा माणसं जेवायची होती, आणि चारच्या सुमाराला गल्लीत बातमी आली की आज संध्याकाळी पाणी सुटणार. घरात एक हंडा पाणी उरलं होतं. मी नळापाशी बसून राहिले. पाणी आलं सव्वासातला, तुझा नाच झाला सातला. स्टेजवरून तू मला शोधत होतीस हे बाबांनी मला पुष्कळ दिवसांनी सांगितलं. आज तुझ्या मांडीवर मूल आहे, तेव्हा मला काय वाटलं असेल ते तुला कळेल.

तुझं सोलापूर म्हणजे गड्ड्याची जत्रा, संक्रांतीचे नंदीध्वज, सिद्धेश्वराच्या तळ्याकाठची संध्याकाळ, गच्चीवरची झोप, कडक भाकरी आणि शेंगाचटणी. ते सगळं खरंच आहे, अजूनही आहे. पण त्या आठवणीत पाणी भरणारी बाई नाही. तू इथे आलीस की ती बाई तू होशील, हे मला तुला सांगायचंय.

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मी पेन्सिलीनं गोल करायची, ते तुला चतुर्थीचे वाटायचे. ते पाण्याचे दिवस होते. अजूनही करते. कधी तीन दिवसांआड, कधी चार, कधी पाच. दिवस ठरलेला असला तरी वेळेचा भरवसा नाही. पहाटे अडीचलाही सुटतं. मग नळ आधी फुसफुसतो, नुसती हवा येते, ठसका लागल्यासारखं दोनदा थुंकतो आणि तांबूस पाणी यायला लागतं. ते फरशीसाठी बाजूला धरायचं. बोटांवर पडणारं पाणी थंड आणि पांढरं झालं की पिण्याचा हंडा फडक्यानं गाळून भरायचा, मग स्वयंपाकाची पिंपं, मग मोटार लावून खालची टाकी, तिथून वरची. तोवर गल्लीभर मोटारींची घूं सुरू झालेली असते आणि धार बारीक होत जाते. आपलं घर लाइनीच्या टोकाला, म्हणून जे करायचं ते पहिल्या अर्ध्या तासात. भाजी धुतलेलं पाणी तुळशीला, कपड्यांचं शेवटचं पाणी संडासात, हे तर तुझ्याही हाताला वळण होतं. पुण्यात गेल्यावर ते सुटलं, आणि सुटलं याचा मला आनंदच झाला होता.

माझा उजवा खांदा आता वर जात नाही. मागच्या दिवाळीत तू म्हणालीस, "आई, केस का कापलेस गं, वेणी किती छान दिसायची." वेणी घालायला हात मागे जात नाही, म्हणून कापले. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, वजन किती वर्षं उचलताय?

तुझ्या सासूबाई सोलापूरला वाळवंट म्हणतात, तेव्हा तू चिडतेस. मीही चिडायची. आता विचार केला तर त्यांचं फारसं चुकत नाही असं वाटतं. वाळू नाही आपल्याकडे, काळी जमीन आहे. पण अरबी समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीवरच रिकामे होतात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि आपल्या जिल्ह्याची सरासरी ५०० ते ६००. म्हणजे जेमतेम दहावा हिस्सा. तोही जून-जुलैत हुलकावणी देतो आणि सप्टेंबरात परतीच्या वाटेवर थोड्या दिवसांत कोसळून जातो. जमिनीखाली काळा पाषाण, त्यात पाणी फार साठत नाही, म्हणून बोअर फेब्रुवारीतच हवा ओढायला लागतात. नान्नजला १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य केलं, तो पक्षी राजस्थानात जैसलमेरकडच्या वाळवंटात राहतो. त्याला आपला माळ आपला वाटला, यातच आलं सगळं. आता तोही इथे दिसेनासा झालाय.

आणि आपल्याला जगवणारं जे पाणी, ते आपल्या आभाळातलं नाहीच. आपलं उजनी धरण भरतं ते तुमच्या पुण्याच्या पावसावर. २०२४ च्या जूनच्या सुरुवातीला धरण उणे साठ टक्क्यांच्या आसपास गेलं होतं. उणे म्हणजे काय, ते बाबांनी मला तेव्हा कागदावर मांडून दाखवलं: धरणाची एकूण साठवण ११७ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, त्यातलं तळाचं सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा, दाराखालचं पाणी; आपण त्या तळाच्या पाण्यातूनही अर्धंअधिक उपसून पीत होतो. मग जुलैच्या २५ तारखेला तुमच्याकडे सिंहगड रोडला घरांत पाणी शिरलं. मी तुला घाबरून फोन केला होता, आठवतंय? आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आमची उजनी भरली. तुमची मुलंबाळं कमरेएवढ्या पाण्यातून बाहेर काढत होते तेव्हा इथे लोक धरणाचा आकडा बघून पेढे आणायच्या गोष्टी करत होते. त्यांना दोष कसा देऊ, मलाही हायसं वाटलंच होतं. त्या पाण्याबरोबर मुळा-मुठेची घाण येते हेही आम्हाला माहीत आहे. पिण्यासाठी जार घेतो, तो खर्च महिन्याच्या हिशेबात धर.

शहर स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीसात आलं, २०१६ साली, तेव्हा तू किती आनंदानं मेसेज केला होतास. उजनीपासून शहरापर्यंत दुसरी समांतर जलवाहिनीही घातली, ११० किलोमीटरची. त्यानं रोज पाणी येईल अशी सगळ्यांची आशा आहे, माझीही आहे. पण मी आशेवर टाकी रिकामी ठेवत नाही, आणि तूही ठेवू नकोस.

आता उन्हाचं. पारा ४२-४३ वर जातो हे तुला माहीत आहे, पण तू तेव्हा मूल होतीस आणि मुलांना ऊन लागत नाही असं मुलांना वाटतं. सहावी-सातवीत दर एप्रिलला तुझा घोळणा फुटायचा. एकदा शाळेतून आलीस ती पांढरा शर्ट पुढून लाल करून. मी कांदा फोडून नाकाशी धरला, डोक्यावर ओलं फडकं ठेवलं, आणि तुला हसवत राहिले. हात मात्र माझे कापत होते. हवा इतकी कोरडी असते की नाकातली त्वचा आतून तडकते. ओठ, टाचा, सगळंच. पिल्लू दीड वर्षाचं आहे, गं. त्याला तहान लागली हे सांगता येत नाही. इथली मुलं उन्हाळ्यात पाणी कमी पडून सुकतात, आणि मोठ्यांना मुतखड्याचा त्रास तर घरटी एक. बाबांचा तुला ठाऊक आहेच.

तू म्हणशील, कूलर लावू. कोरड्या हवेत कूलर उत्तम चालतो हे खरं. पण त्याला पाणी लागतं. आपल्या हॉलमधला एकटा दिवसाला पाच-सहा बादल्या पितो. ज्या महिन्यात पाणी पाचव्या दिवशी येतं, त्याच महिन्यात त्याला पाच-सहा बादल्या. म्हणून मे महिन्यात मी दुपारी दोन ते पाचच कूलर लावते. एसी लावाल तर बिल बघा, आणि दुपारी वीज गेली की काय करायचं तेही ठरवा. रात्री स्लॅब तापलेलाच असतो, बारा वाजेपर्यंत भिंतीला पाठ टेकवत नाही. गच्चीवर झोपायचं तुला आठवतं ते दहा वर्षांच्या पोरीला छान होतं. तान्ह्याला घेऊन तिथे झोपता येणार नाही, डास आहेत.

आणखी एक गोष्ट आहे, ती पाण्याइतकी दिसत नाही. आपलं शहर ना लहान, ना मोठं. २०११ च्या जनगणनेत साडेनऊ लाख माणसं. गावासारखं सगळे ओळखीचे असंही नाही, आणि पुण्यासारखं एक काम सुटलं तर दुसरं मिळेल असंही नाही. जुनी मिल १८७७ सालची, त्या काळी देशभर नाव. मिलचे भोंगे तुझ्या आजोबांच्या घड्याळाच्या जागी होते. त्यांची मिल बंद पडली तेव्हा ते एक्कावन्न वर्षांचे होते आणि त्यानंतर त्यांना त्यांच्या कसबाचं काम या शहरात मिळालं नाही. ते दुपारी दाराशी बसायचे आणि शिफ्टच्या वेळेला उठून उभे राहायचे, हे मी सून म्हणून आले तेव्हा पाहिलंय. तुमचं काम आज घरून आहे. उद्या कंपनीनं ऑफिसला बोलावलं तर? चादर आहे, टॉवेल आहे, विड्या आहेत, साखर आहे, दवाखाने चांगले आहेत, लांबलांबून, विजापूर-गुलबर्ग्यापासून लोक उपचाराला येतात. पण तुमच्या कामाच्या कंपन्या बोटावर मोजण्याइतक्या. सोमवारी पहाटे स्टेशनवर जाऊन बघ, पुण्याच्या हुतात्मा एक्स्प्रेसला आईबाप पोरांना चढवून देतात आणि गाडी हलली तरी तिथेच उभे राहतात. तुझ्या वर्गातल्या कितीजणी इथे आहेत, मोज बघू एकदा. संध्याकाळी पिल्लूला घेऊन बाहेर पडलीस तर तुझ्या वयाचं बोलायला कोण? मी आहे, पण आई मैत्रीण असली तरी शेवटी आईच.

वंदे भारत सुरू झाली, २०२५ पासून विमानंही उडतात, हे सगळं चांगलं झालंय. यायला-जायला सोपं झालंय. राहायला सोपं झालंय असं मला अजून म्हणवत नाही.

हे वाचून तुला वाटेल आई नको म्हणतेय. नाही गं. बाबांनी पिल्लूसाठी अंगणात झोका टांगायचा हूक आजच ठोकलाय. मला रोज त्याच्या अंगाला तेल लावायचंय, त्याला ज्वारीच्या कण्या भरवायच्यात. तुम्ही आलात तर पाणी मी भरीन असंही सांगितलं असतं, पण खांदा आता साथ देत नाही आणि तुला खोटं सांगून बोलवायचं नाही.

तू नेहमी दिवाळीला नाहीतर गड्ड्याला येतेस. तेव्हा उजनी भरलेली असते, हवा गार असते, नळाची कुणी आठवणही काढत नाही. या वेळी १० मेच्या सुमाराला या. जावयांनाही आण, त्यांनी बघायलाच हवं. पंधरा दिवस राहा, कामं इथूनच करा, पाण्याच्या रात्री माझ्याबरोबर जागी राहा. पिल्लूच्या नाकात घालायचे थेंब तिथल्या डॉक्टरांना विचारून आण आणि सुती झबली जास्तीची घे, कारण रोज धुणं जमेलच असं नाही. तिकिटं आत्ताच काढा, सुट्टीत मिळत नाहीत.

रंगाऱ्याला मी तोवर थांबायला सांगितलंय.

तुझी,
आई