मराठीत लिहिणारे परदेशस्थ लेखक कुणाच्या हिशेबात आहेत?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

न्यू जर्सीतल्या सार्वजनिक ग्रंथालयात दक्षिण आशियाई लेखकांनी आपापली पुस्तकं वाचून दाखवली, त्याची सचित्र बातमी काल आपल्या अंकात वाचली. मथळा होता 'मराठी झेंडा सातासमुद्रापार'. ज्या लेखिकेच्या आडनावावरून आपण हा झेंडा लावलात, त्यांची कादंबरी इंग्रजीत आहे. कादंबरी चांगली आहे, मी वाचली आहे, आणि त्यांच्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. तक्रार बातमीबद्दल आहे. 'दक्षिण आशियातल्या साऱ्या भाषांचा सूर तिथे उमटला' असं आपल्या प्रतिनिधीनं लिहिलंय. मी त्या दुपारी तिथे होते. सभागृहात इंग्रजीखेरीज एकाही भाषेतलं एक वाक्य वाचलं गेलं नाही.

का नाही, तेही सांगते. मी मराठीत कथा लिहिते. कार्यक्रमासाठी लेखकांनी अर्ज करायचे होते, मीही केला आणि भाषेच्या रकान्यात मराठी असं लिहिलं. उत्तर अगदी नम्र आलं. श्रोते मिश्र आहेत, त्यामुळे वाचन इंग्रजीतच. इंग्रजी आवृत्ती असेल तर कळवा, नसेल तर बाहेर टेबल मिळेल. मी पुन्हा लिहिलं की कथेचा सारांश आधी इंग्रजीत सांगते आणि मग फक्त एक उतारा मराठीत वाचते. तेही नको म्हणाले. याच ग्रंथालयात शनिवारी सकाळी लहान मुलांना स्पॅनिशमध्ये आणि मँडरिनमध्ये गोष्टी सांगतात. मुलांना जे चालतं ते मोठ्यांना पाच मिनिटंही का चालू नये?

मग बसले बाहेर, समोशांच्या ट्रेशेजारी. लोक यायचे, पुस्तक उचलायचे, मुखपृष्ठ छान आहे म्हणायचे, इंग्रजीत आहे का विचारायचे आणि ठेवून द्यायचे. नातवंडं सांभाळायला आलेल्या नागपूरकडच्या एक आजी मात्र खुर्ची ओढून बसल्या आणि चष्मा पुसून त्यांनी अख्खी कथा तिथेच वाचून काढली. आत टाळ्या वाजत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. उठताना विचारलं, "बाई, हे इथल्या लायब्ररीत भेटते का?"

नाही भेटत. आणि याचाच मला जास्त संताप आहे. त्याच ग्रंथालयाला मी पूर्वी माझं पुस्तक आणि घरातली निवडक मराठी पुस्तकं भेट दिली होती. आमच्यासारख्यांची आवृत्ती पुण्याला निघते ती ५०० प्रतींची. त्यातल्या प्रती इथे पोचतात त्या कुणाच्या तरी २३ किलोच्या बॅगेत, भाजणीच्या पिशव्यांखाली. इतक्या कष्टानं आणलेली ती पुस्तकं काही दिवसांनी मला जुन्या पुस्तकांच्या विक्रीत दिसली, प्रत्येकी १ डॉलरला. आतल्या पानावरची माझी सही तशीच होती. विचारलं तर म्हणाले, मराठी पुस्तकांची नोंद करणारं आमच्याकडे कुणी नाही. विक्रीतून जी एकदोन वाचली ती हिंदीच्या फळीवर लावली होती, कारण लिपी एकच. आठ कोटींहून जास्त माणसं बोलतात त्या भाषेची ही गत!

नोंदीचं कारण तर मुळीच पटणारं नाही. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचं दिल्लीत कार्यालय आहे. पीएल ४८० या अमेरिकेच्या अन्नधान्य योजनेत आपण अमेरिकी गहू घेतला आणि त्याचे पैसे रुपयांत दिले. त्या रुपयांतून १९६२पासून भारतीय भाषांतली पुस्तकं खरेदी होऊ लागली, त्यात मराठीही होती. ती पुस्तकं शिकागोसारख्या विद्यापीठांच्या ग्रंथालयांत गेली. रुपये संपले तरी खरेदी थांबली नाही. त्या पुस्तकांच्या नोंदी संगणकावर तयार आहेत आणि दुसऱ्या ग्रंथालयांना त्या उतरवून घेता येतात. त्यासाठी मराठी जाणणारा माणूस नेमायची गरज नाही, शोधून बघण्याची इच्छा हवी.

त्या दुपारी वक्त्यांनी इंग्रजीत लिहिणाऱ्या बंगाली वंशाच्या अमेरिकी लेखिका झुंपा लाहिरी यांचं नाव पुन्हा पुन्हा घेतलं. त्यांना २००० साली पुलित्झर पारितोषिक मिळालं, त्याचा आनंद आम्हालाही झाला होता. पुढे त्या इटलीत गेल्या आणि चक्क इटालियनमध्ये लिहू लागल्या, त्याचंही जगभर कौतुक झालं. मोठी झाल्यावर शिकलेल्या भाषेत लिहिणं हे धाडस मानायचं आणि आईच्या भाषेत लिहीत राहिलेल्यांना बाहेरचं टेबल द्यायचं, हा कुठला न्याय?

आता थोडं आमच्या मंडळींबद्दल. बृहन्महाराष्ट्र मंडळ ही उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांची मध्यवर्ती संस्था १९८१पासून आहे, गावोगावी मराठी मंडळं आहेत, दर दोन वर्षांनी अधिवेशन होतं, नाटक-गाण्याला सभागृहं भरतात. मग ग्रंथालयात मराठीची मागणी का होत नाही? न्यू जर्सीत गावाचं ग्रंथालय घरपट्टीतून चालतं, आणि ती आम्हीही भरतो. पुस्तक मागवण्याचा अर्ज कुणालाही करता येतो. आमच्याकडे गुजरातीची फळी भरलेली आहे, कारण गुजराती वाचक मागत राहतात आणि नेऊन वाचतात. नाशिकहून सुरू झालेल्या 'ग्रंथ तुमच्या दारी' या उपक्रमाच्या पुस्तकांच्या पेट्या परदेशातल्या मराठी घरांपर्यंत आल्या, हे फार मोठं काम आहे. पण पेटी आपल्याआपल्यातच फिरते. ग्रंथालयाच्या फळीवरचं पुस्तक इथे जन्मलेल्या आमच्या मुलांच्याही नजरेला पडतं, आणि शेजाऱ्यांच्याही.

आणि संपादक महाशय, आपणही यातून सुटत नाही. ३ ऑक्टोबर २०२४ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा अग्रलेख झाले, पुरवण्या निघाल्या. माझ्या कथासंग्रहाच्या दोन प्रती मी परिचयासाठी आपल्या कार्यालयाच्या पत्त्यावर पाठवल्या होत्या. परिचय राहू द्या, साधी पोचही आली नाही. रविवारचं पुस्तकांचं पान तर आता जाहिरातींमुळे अर्ध्यावर आलं आहे. परदेशातल्या इंग्रजी लेखकाच्या बातमीला मात्र चार कॉलम मिळतात, फोटोसकट.

साऱ्या भाषांचा सूर उमटल्याचं जे छापलंत, ते कृपया दुरुस्त करा. माझ्या त्या दोन प्रती कपाटात असल्याच, तर जवळच्या एखाद्या सार्वजनिक वाचनालयाला देऊन टाका. तिथे निदान त्यांची मराठीत नोंद तरी होईल.

आपली,
एक नियमित वाचक,
मिडलसेक्स काउंटी, न्यू जर्सी