एका देशाच्या दोन अपेक्षा

ऑकलंड,
20 नोव्हेंबर 2024

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार.

तुमचे पत्र पोचले. भाऊबीजेच्या दिवशी वानखेडेवर आपला संघ 121 धावांत गारद झाला आणि न्यूझीलंडने मालिका 3-0 अशी जिंकली, तेव्हा इथे मिरवणुका निघाल्या का, फटाके वाजले का, असे तुम्ही विचारले आहे. फटाके वाजत होते, पण ते गाय फॉक्स नावाच्या जुन्या इंग्रज कटवाल्याच्या आठवणीतल्या सणाचे. त्या आठवड्यात ते इथे दरवर्षीच वाजतात. मिरवणूक मात्र कुठेही दिसली नाही. सोमवारी कचेरीत दोघातिघांनी माझ्याकडे पाहून, माझीच समजूत काढावी तशा सुरात, "फार छान खेळले आमचे लोक" एवढे म्हटले आणि मग सगळे रग्बीकडे वळले.

कारण त्याच रविवारी पहाटे त्यांच्या ऑल ब्लॅक्स संघाने लंडनमध्ये इंग्लंडला 24-22 असे हरवले होते. जिंकूनही चर्चा सुरू होती ती सामना जवळजवळ हातचा कसा गेला होता याची. शेवटच्या मिनिटांत इंग्लंडच्या जॉर्ज फोर्डची पेनल्टी किक खांबावर आदळली नसती तर काय झाले असते, बदली खेळाडू लवकर का उतरवले नाहीत, नवे प्रशिक्षक स्कॉट रॉबर्टसन यांना नक्की काय साधायचे आहे, याचा अर्धा तास काथ्याकूट झाला. पुढच्या आठवड्यात डब्लिनमध्ये आयर्लंडला हरवल्यावर सूर जरा निवळला, आणि गेल्या रविवारी पॅरिसमध्ये फ्रान्सकडून 30-29 अशी एका गुणाने हार होताच पुन्हा चढला. पहिल्या नंबराच्या मुलाला दोन गुण कुठे गेले म्हणून दटावावे आणि काठावर पास होणाऱ्यासाठी पेढे आणावेत, तसा हा प्रकार आहे. फक्त इथे पेढेही फारसे वाटले जात नाहीत.

याचे मूळ मला इतिहासात दिसते. 1905 साली इथला रग्बी संघ ब्रिटनच्या दौऱ्यावर गेला आणि 35 सामन्यांपैकी एकच, वेल्सविरुद्धचा, हरला. जगाच्या टोकाला असलेल्या या लहानशा वसाहतीला आपणही कोणी आहोत असे तेव्हा वाटले, आणि तेव्हापासून जिंकणे हा जणू रग्बीचा नियमच ठरला. क्रिकेटची कथा याच्या उलट. 1930 साली पहिली कसोटी खेळल्यावर पहिला विजय मिळायला 26 वर्षे लागली. तो 1956 साली ज्या ईडन पार्कवर मिळाला, त्याच मैदानावर वर्षभरापूर्वी इंग्लंडने त्यांना 26 धावांत गुंडाळले होते आणि कसोटीतला तो नीचांक आजही तसाच आहे. अशा संघाकडून कोणी काय मागणार?

2019 साली हे दोन्ही निकष एकाच वर्षात पाहायला मिळाले. जुलैमध्ये लॉर्ड्सवर विश्वचषकाचा अंतिम सामना बरोबरीत सुटला, सुपर ओव्हरही बरोबरीत सुटली आणि केवळ चौकार-षटकार कमी म्हणून चषक इंग्लंडला गेला. इथे हळहळ झाली, पण कर्णधार केन विल्यमसनने ती हार ज्या शांतपणे घेतली त्याचे कौतुक अधिक झाले. ऑक्टोबरमध्ये रग्बीच्या विश्वचषकात उपांत्य फेरीत इंग्लंडकडूनच 19-7 अशी हार झाली, तेव्हा शांतपणाचे कौतुक करायला कोणी तयार नव्हते.

रग्बीतल्या या अपेक्षेचा भार किती, हे स्टीफन डोनल्डच्या कहाणीवरून कळते. 2010 साली हाँगकाँगमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्धचा सामना शेवटच्या क्षणी हातून गेला, त्याचे खापर लोकांनी त्याच्यावर फोडले आणि 2011 च्या विश्वचषकासाठी त्याची निवड झाली नाही. स्पर्धा मायदेशी होती, 1987 नंतर चषक मिळालेला नव्हता आणि अख्खा देश श्वास रोखून बसला होता. डोनल्डच्याच जागेवर खेळणारा डॅन कार्टर जखमी झाला, मग त्याच्या जागी आलेला कॉलिन स्लेड. राखीव म्हणून डोनल्डला बोलावणे गेले तेव्हा तो वायकाटो नदीवर व्हाइटबेट नावाचे बारीक मासे पकडत होता. अंतिम सामन्यात त्या जागेवरचा एरन क्रूडनही जखमी झाला, डोनल्ड मैदानात आला आणि त्याच्याच पेनल्टी किकमुळे फ्रान्सविरुद्ध 8-7 असा विजय मिळाला. लोकांनी त्याला डोक्यावर घेतले. वर्षभर त्याला टाकून बोलणारेही त्यांत असणारच, पण ते कोणी बोलून दाखवत नाही.

आता आपल्या मालिकेविषयी. तुम्ही लिहिता की गहुंजेच्या सामन्यात मिचेल सँटनरने 13 बळी घेतले ही आपल्या फलंदाजांची नामुष्की आहे. मला तसे पूर्णपणे वाटत नाही. मायदेशात सलग 18 मालिका जिंकलेल्या संघाला प्रत्येक खेळपट्टीवर जिंकावेच लागते, तर श्रीलंकेत 2-0 असा मार खाऊन, विल्यमसनशिवाय आलेल्या संघाला गमावण्यासारखे काही नव्हते. 1988 नंतर भारतात त्यांनी एकही कसोटी जिंकली नव्हती. बंगळुरूला आपल्याला 46 धावांत बाद करून ती कसोटी त्यांनी जिंकली, त्याच दिवशी, 20 ऑक्टोबरला, त्यांच्या महिला संघाने दुबईत टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला. आणि तोही स्पर्धेपूर्वी ओळीने दहा सामने हरून! अपेक्षा नसण्याचा फायदा होतो, असे मी म्हणते ते एवढ्यावरूनच. वानखेडेवर 11 बळी घेणारा त्यांचा एजाज पटेल मूळचा मुंबईचा, हे मात्र आई सगळ्यांना अभिमानाने सांगते आहे असे कळले. 2021 साली त्याच मैदानावर त्याने एका डावात दहाही बळी घेतले, आणि पुढच्याच घरच्या मालिकेत त्याला संघात घेतले नव्हते, हेही तिने सांगावे.

मला थोडी काळजी वाटते ती आता इथल्या क्रिकेटची. 28 तारखेपासून ख्राइस्टचर्चला इंग्लंडविरुद्ध मालिका सुरू होते आहे, त्यांचा जुना वेगवान गोलंदाज टिम साउदी ती खेळून निवृत्त होणार आहे, आणि शेजारचे गृहस्थ, ज्यांना ऑक्टोबरपर्यंत संघाचा कर्णधार कोण हेही ठाऊक नव्हते, परवा मला म्हणाले की भारताला भारतात हरवल्यावर घरच्या मैदानावर इंग्लंडला तीनही सामन्यांत हरवायलाच हवे. पर्थला शुक्रवारी आपली कसोटी सुरू होते आहे. सकाळी पावणेआठला टीव्ही लावाल तेव्हा रक्तदाबाची गोळी आधी घ्या. आईला नमस्कार.

आपली,
मृदुला