धुऱ्यावर तारेऐवजी सागरगोटी

रोही (नीलगाय) आणि रानडुकरांच्या त्रासापायी धुऱ्याधुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधांवर, तारा आल्या. काही जण त्यांत चोरून वीज सोडतात. वाघ मरतो, कधी माणूसही. त्यापेक्षा बोरी-बाभळीच्या फांद्या टाकून त्यांच्या आडोशाने सागरगोटीची काटेरी झुडपे लावावीत. काही पावसाळ्यांत अशी काटेरी जाळी होते की डुक्करही शिरायला कचरते. तितर, मुंगूस, सरडे तिथेच राहतात. उडी मारणारा रोही मात्र पूर्ण थांबत नाही, हे मान्य. कुंपणाला तुराट्या (तुरीच्या वाळल्या काड्या) चालतील, पऱ्हाट्या (कपाशीच्या काड्या) नकोत. गुलाबी बोंडअळी त्यांतच दडून राहते. सरकारी रोपवाटिकांनी सागरगोटीची रोपे ठेवावीत. सध्या मागायला गेले की शोभेची झाडे पुढे करतात!

– एक शेतकरी, जि. यवतमाळ