विषय : ‘इटर्नल थ्रेड्स’ या गेमचा पुसला गेलेला सेव्ह (खेळाची जतन केलेली प्रगती) परत मिळण्याबाबत

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

महोदय / महोदया,

तुमच्या स्टोअरवरून मी ‘इटर्नल थ्रेड्स’ हा गेम रीतसर पैसे भरून घेतला. गेमबद्दल काडीचीही तक्रार नाही. तक्रार आहे तुमच्या सर्व्हरवर सेव्हची प्रत ठेवणाऱ्या क्लाउड बॅकअपची, आणि त्याहून जास्त तुमच्याकडून आलेल्या उत्तरांची.

गेल्या महिन्यात नवा लॅपटॉप घेतला, त्यावर तुमचं ॲप टाकलं आणि गेम उतरवून घेतला. क्लाउडवरचा सेव्ह खाली यायला हवा होता. झालं उलटंच. नव्या मशीनवरची कोरी फाइल वर चढली आणि जुनी गायब! दोन फाइल जुळत नसल्या की ‘कोणती ठेवायची?’ असं तुमचं ॲप एरवी विचारतं. या वेळी विचारलंच नाही. कोपऱ्यात हिरवी खूण आणि खाली ‘सिंक पूर्ण’. जुना लॅपटॉप एक्स्चेंजमध्ये गेला, कारण सेव्ह क्लाउडवर सुरक्षित राहतात असं तुमच्याच मदत-पानावर लिहिलेलं आहे.

यावर तुमच्या प्रतिनिधीचं उत्तर : ‘गेम पुन्हा इन्स्टॉल करून सुरुवातीपासून खेळा.’ हा गेम काय आहे हे त्यांनी उघडून तरी पाहिलंय का? मे २०१५, उत्तर इंग्लंडमधलं एक घर. आग लागून सहा जण गेलेत. आपण त्या जळक्या घरात उभे राहून आधीच्या सात दिवसांत मागे-पुढे फिरायचं. आग थांबवता येत नाही. फक्त त्या माणसांचे साधेसुधे निर्णय बदलता येतात : खरं सांगायचं की लपवायचं, थांबायचं की निघून जायचं. असे सुमारे दोनशे प्रसंग आहेत. मंगळवारी कुणाचं एक उत्तर बदललं की शुक्रवारी भलत्याच दोघांचं बोलणं वेगळं होतं. एकाला वाचवावं तर दुसरा हातचा जातो. सहापैकी चौघांना वाचवण्यापर्यंत मी पोहोचले होते, तेही रात्री घरची कामं आवरल्यावर. कोणता निर्णय कुठे नेतो हे टिपलेली माझी वही शाबूत आहे. पण वहीतल्या बाणांवरून सगळं परत जुळवणं म्हणजे उसवलेला स्वेटर त्याच लोकरीने पुन्हा विणणं.

दुसरं उत्तर याहून भारी. ‘दोन तासांपेक्षा जास्त खेळल्यामुळे परतावा मिळणार नाही.’ परतावा मागितला कोणी? सेव्ह मागितला होता. त्यानंतर माझ्या तक्रारीचं तिकीट (नोंद) परस्पर ‘निकाली’ करून टाकलं. पुन्हा उघडलं, तर पहिलंच उत्तर नव्या नावाने आलं.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० डिजिटल उत्पादनांनाही लागू आहेत. त्यानुसार तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. म्हणून हे पत्र थेट तुम्हाला. तुमच्या सर्व्हरवर सेव्हच्या आधीच्या प्रती असतील, तर नवा लॅपटॉप जोडण्यापूर्वीची प्रत माझ्या खात्यावर परत चढवा. नसतील, तर तसं लेखी कळवा आणि मदत-पानावरचं ते वाक्य काढून टाका. मुदतीत उत्तर आलं नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवणार आहे.

आणि कृपा करून यावेळी ‘ॲप अपडेट करून पाहा’ असं उत्तर पाठवू नका. केलंय.

आपली,
एक ग्राहक, नाशिक

सोबत : खरेदीची पावती, ‘सिंक पूर्ण’ दाखवणारा स्क्रीनशॉट, दोन्ही उत्तरांच्या प्रती