रीमिक्समध्ये नेमकं काय बदललं? बघायला माणसं हवीत

सप्रेम नमस्कार,

आमच्या कोडिंग गटातली मुलं स्क्रॅचवर, म्हणजे आदेशांचे ब्लॉक जोडून प्रोग्राम बनवायच्या साइटवर, काम करतात. तिथे कुणीही कुणाचाही प्रकल्प उघडतं, आतले ब्लॉक बघतं आणि फेरफार करून आपला रीमिक्स टाकतं. ‘ही कॉपीच ना?’ असं पालक विचारतात. नाही. स्क्रॅचवर शेअर केलेले प्रकल्प क्रिएटिव्ह कॉमन्स या, श्रेय देऊन काम वापरू आणि बदलू देणाऱ्या परवान्याखाली असतात आणि रीमिक्सवर मूळ कर्त्याचं नाव आपोआप लागतं. स्क्रॅच वापरणाऱ्या मुलांवरचा 2016 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सांगतो, की जास्त रीमिक्स करणारी मुलं अधिक प्रकारचे ब्लॉक वापरू लागलेली दिसतात.

आपल्या मुलांचं काय, हे मात्र रीमिक्सच्या आकड्यावरून कळत नाही. एकाने मांजराचा रंग बदलला. दुसरीने खेळात गुण मोजायला व्हेरिएबल, म्हणजे बदलता आकडा साठवायची जागा, घातला. तिसऱ्याने चार ठिकाणी आलेली तीच ब्लॉकची मालिका काढून स्वतःचा एक ब्लॉक बनवला. मोजणीत तिघांचा एकेकच रीमिक्स! शिवाय रंग बदलणाऱ्यालाही हसू नये, दुसऱ्याच्या कोडला हात लावायची भीती बऱ्याचदा तिथेच मोडते. तो पुढच्या रीमिक्समध्ये काय करतो, हे आम्हाला बघायचं आहे.

त्यासाठी पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा येणारं कुणीतरी हवं आहे. स्क्रॅचची एसबी3 फाइल म्हणजे खरं तर झिप असते, आतल्या प्रोजेक्ट.जेसन फाइलमध्ये प्रत्येक ब्लॉकची नोंद असते. मूळ प्रकल्प आणि रीमिक्स यांच्या नोंदी ताडून फरक दाखवणारा छोटा प्रोग्राम लिहून द्यावा. ब्लॉक नुसता इकडचा तिकडे सरकवला तरी फाइल बदलते, तेवढं वगळायला हवं.

पण जास्त गरज आहे ती बघणाऱ्यांची. मूळ प्रकल्प आणि रीमिक्स यांची प्रत्येक जोडी दोघांनी स्वतंत्रपणे बघायची, बदल का केला असावा ते दोन ओळींत लिहायचं, मत जुळलं नाही तर मुलालाच विचारायचं. स्क्रॅच येत नसेल तर आम्ही शिकवू, आमची मुलं तर हौसेने शिकवतील. चालू स्थितीतले जुने लॅपटॉपही चालतील. बंद पडलेले कृपया नकोत, दुरुस्तीला हात नाहीत.

पालकांची संमती असलेलेच प्रकल्प घेऊ आणि मुलांची नावं काढून क्रमांक देऊ. यावरून गुण किंवा बक्षीस द्यायचं नाही, हे आधीच ठरलं आहे. नाहीतर मुलं उगाच ब्लॉक वाढवत बसतील.

आठवड्याला एखादा तास देऊ शकत असाल तर गटाच्या कोणत्याही कार्यकर्त्याकडे नाव नोंदवा आणि कोणता वार जमेल तेही सांगा.